‘साहेब येईपर्यंत बसा’: वर्दीतला किरकोळ जाच कागदावर कसा आणायचा

माझे वडील तेव्हा ६७ वर्षांचे होते. पार्किंगवरून शेजाऱ्याशी बाचाबाची झाली, शेजाऱ्यानं जाऊन एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यातून फोन आला, “काका, जरा येऊन जा.” बाबा साडेदहाला गेले. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर लाकडी बाक होता, त्यावर त्यांना बसवलं. “साहेब येईपर्यंत बसा.” साहेब दोनदा आले आणि दोनदा समोरून निघून गेले. दुपारची गोळी घरी राहिली होती. ती घेऊन येऊ का, असं बाबांनी विचारलं तेव्हा मान वर न करता उत्तर आलं, “बसा म्हटलं ना.” साडेचारला एका कोऱ्या कागदाच्या तळाशी त्यांची सही घेतली आणि सोडून दिलं. कुणी हात लावला नाही, पैसे मागितले नाहीत. पण पुढे कित्येक महिने बाबा त्या ठाण्यावरून जाणारा रस्ता टाळत होते.

त्या सहा तासांत किमान तीन गोष्टी कायद्याला सोडून झाल्या होत्या. अदखलपात्र प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. ठरावीक वयापुढच्या माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. आणि कोऱ्या कागदावर सही घ्यायला कुठल्याच कायद्यात जागा नाही. पण यातलं काहीच आम्हाला कुठे दाखवता आलं नसतं, कारण बोलावणं तोंडी, बसवणं तोंडी, सोडणंही तोंडी. आमच्या हातात एक चिठ्ठीसुद्धा नव्हती.

लॉकअपमधली मारहाण बातमीत येते, तिची चौकशी लागते. हा रोजचा छोटा जाच मात्र वर्षानुवर्षं चालतो, कारण तो कागदावर कधी येतच नाही. म्हणून खाली जे सांगतोय ते सगळं एकाच गोष्टीभोवती आहे: जे तोंडी चाललंय ते शांतपणे, तारीख-वेळेसह लेखी करून घ्यायचं. महाराष्ट्रातल्या पोलिसांपुरतं लिहितोय. इतर गणवेशांबद्दल पुढे थोडं येईल.

आधी कलमांचे नवे नंबर

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. ठाण्यात अजून बऱ्याचदा जुनेच नंबर बोलले जातात, त्यामुळे दोन्ही माहीत असलेले बरे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं गुन्हा नोंदवण्याचं १५४ आता सुरक्षा संहितेचं १७३ झालं. साक्षीदाराला बोलावण्याचं १६० आता १७९. अटकेऐवजी नोटीस देण्याचं ४१-अ आता ३५(३). चॅप्टर केसचं, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेण्याचं, १०७ आता १२६, प्रतिबंधक नोटिशीचं १४९ आता १६८, प्रतिबंधक अटकेचं १५१ आता १७०. आणि ज्याची धमकी सगळ्यात जास्त दिली जाते ते भारतीय दंड संहितेचं ३५३ आता न्याय संहितेचं १३२. हे नंबर पाठ करू नका. फोनच्या नोट्समध्ये ठेवा, वेळेला तिथून वाचता येतात.

नाव आणि बक्कल नंबर

कुठलाही प्रसंग असो, पहिलं काम हेच. छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचा. पट्टी नसेल किंवा जॅकेटखाली झाकली असेल तर विचारा, “साहेब, आपलं नाव आणि बक्कल नंबर सांगाल का? मला लिहून ठेवायचंय.” आवाज चढवायचा नाही, ‘तू’वर यायचं नाही. समोरचा एकेरीवर आला तरी आपण ‘अहो-जाहो’च ठेवायचं. पुढे रेकॉर्डिंग कुणी ऐकलं तर त्याचा उपयोग आपल्यालाच होतो. नाव मिळालं नाही तर गाडीचा नंबर, चौकाचं नाव आणि वेळ टिपा. त्या वेळेला त्या ठिकाणी कुणाची ड्युटी होती हे ठाण्याच्या दप्तरात असतंच.

अटक करणाऱ्या अधिकाऱ्यानं तर नाव स्पष्ट दिसेल अशी ओळखपट्टी लावलीच पाहिजे, हे सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये लिहिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात १९९६ सालीच हे बजावलं होतं.

रस्त्यावर: नाकाबंदी आणि ट्रॅफिक

गणवेशातल्या पोलिसानं लायसन्स मागितलं तर दाखवावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३० तसं सांगतं. तिथे वाद घालू नका. डिजीलॉकर किंवा एम-परिवहनमधली कागदपत्रं मूळ प्रतीइतकीच चालतात, केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १३९ व्या नियमात तशी सोय केलेली आहे. “मोबाईलमधलं चालत नाही” असं कुणी म्हटलं तर या नियमाचं नाव घ्या.

पोलिसानं लायसन्स स्वतःकडे ठेवून घेतलं तर कलम २०६ प्रमाणे त्याची पोच द्यावी लागते. पोच न देता कागद खिशात घालणं चुकीचं आहे, आणि ती मागायला संकोच करू नका. गाडी जप्त करायची तर कलम २०७ मधली कारणं लागतात, म्हणजे नोंदणी नसणं, लायसन्स नसणं, परवाना नसणं अशी. चालत्या दुचाकीची चावी झडप घालून काढून घेण्याचा अधिकार मात्र कुठल्याच कलमात दिलेला नाही. तसं झालं तर खेचाखेची करू नका. गाडी बाजूला घ्या आणि एवढंच विचारा, “गाडी जप्त केली आहे का? केली असेल तर पावती द्या.” बऱ्याच वेळा या एका प्रश्नावर चावी परत येते, कारण पावती द्यायची म्हणजे कारण लिहायचं.

दंड ई-चलनावरच घ्या. चलन मान्य नसेल तर जागेवर भरण्याची सक्ती नाही, ते न्यायालयात लढवता येतं. रोख दिले आणि पावती मिळाली नाही, तर तो दंड नसतो. खरंच सिग्नल तोडला असेल, तर चलन घ्या आणि भरा. आपली चूक असताना दोनशेत मिटवायला आपणच पुढे झालो, तर उद्या ज्याची चूक नाही त्याच्याकडेही हात पसरला जाणार.

अंगझडती हा वेगळा मुद्दा. स्त्रीची झडती स्त्रीनंच आणि सभ्यता राखून घ्यायची असते. झडतीच्या नावाखाली फोन मागितला, अनलॉक करून चॅट वाचायला सुरुवात केली, तर विचारा: “कुठल्या गुन्ह्याच्या तपासात? जप्तीचा पंचनामा करणार का?” सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करणं आता पोलिसांवरच बंधनकारक आहे. त्याचीही आठवण करून द्या.

रेकॉर्डिंग करावं का?

करावं, पण रीतीनं. सार्वजनिक जागी कर्तव्यावरच्या पोलिसाचं चित्रण करायला बंदी घालणारा सरसकट कायदा नाही. ठाण्याच्या आतलं चित्रण केलं म्हणून शासकीय गुपिते कायदा लावल्याची प्रकरणं आपल्याकडे घडली आहेत. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं अशा एका प्रकरणात सांगितलं की पोलीस ठाणं हे त्या कायद्याखालचं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही.

तरीही फोन कुणाच्या तोंडासमोर नाचवू नका. छातीशी धरा, दोन पावलं मागे उभे राहा. सोबत कुणी असेल तर बोलणाऱ्यानं बोलावं आणि दुसऱ्यानं चित्रण करावं. लाईव्ह करण्याचा मोह टाळा, कारण ठाण्यात दुसऱ्या कामासाठी आलेली एखादी मुलगी किंवा लहान मूल त्यात दिसू शकतं. मूळ फाईल कापू नका, तिला संगीत लावू नका, लगेच दुसरीकडे प्रत ठेवा. संपादित व्हिडिओ पुरावा म्हणून दुबळा पडतो.

ठाण्यात बोलावलं तर

फोनवर विचारायचे तीन प्रश्न: मला साक्षीदार म्हणून बोलावताय की आरोपी म्हणून? प्रकरणाचा नंबर काय? लेखी नोटीस कधी पाठवताय?

साक्षीदार म्हणून बोलवायचं तर कलम १७९ प्रमाणे लेखी आदेश लागतो. १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरील पुरुष, कुठल्याही वयाची स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराशिवाय दुसरीकडे बोलावता येत नाही. त्यांचा जबाब घरी येऊन घ्यायचा असतो. बाबांच्या वेळी जुन्या कायद्यात ही मर्यादा ६५ होती, ती आता ६० वर आली आहे. तुमच्या घरातल्या आई, आजी, मावशीला सांगून ठेवावी अशी ही तरतूद आहे. ‘बाईमाणूस असली तरी ठाण्यात यावंच लागेल’ हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की तेच कायदा वाटायला लागलंय.

आरोपी म्हणून बोलवायचं आणि अटकेची गरज नसेल, तर ३५(३) ची नोटीस लागते. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं अर्नेश कुमार खटल्यात २०१४ मध्ये बजावलं. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस ६० वर्षांवरचा किंवा दुर्बल असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. नोटीस आली तर मात्र जा. न गेल्यानं अटकेला कारण मिळतं.

जाताना एकटे जाऊ नका. औषधं, पाणी आणि छोटी वही सोबत ठेवा. आत शिरण्याआधी घरच्या माणसाला मेसेज करा: “१०:३० ला आत जातोय.” बाहेर पडल्यावर पुन्हा एक. हे दोन मेसेज पुढे तुमचे साक्षीदार होतात.

तासाभरापेक्षा जास्त नुसतं बसवून ठेवलं तर ठाणे अंमलदाराकडे जाऊन म्हणा, “मला ताब्यात घेतलंय का? घेतलं असेल तर स्टेशन डायरीला नोंद करा आणि घरी कळवा. नसेल तर मी निघतो, नोटीस पाठवा, मी पुन्हा येईन.” ‘ताबा’ आणि ‘मोकळीक’ यांच्यामध्ये बाकावर बसवून ठेवण्याची तिसरी अवस्था कायद्यात नाही. पोलिसांचे कायदेशीर निर्देश न मानणाऱ्याला कलम १७२ प्रमाणे ताब्यात घेता येतं हे खरं. पण तिथेही किरकोळ प्रकरणात लवकरात लवकर, २४ तासांच्या आत सोडावंच लागतं.

सहीबद्दल एक गोंधळ नेहमी होतो. तुम्ही दिलेल्या फिर्यादीवर तुमची सही लागते, आणि ती वाचून झाल्यावरच करायची. साक्षीदार म्हणून तपासात दिलेल्या जबाबावर मात्र सही घ्यायचीच नसते, कलम १८१ तसं सांगतं. कोऱ्या किंवा अर्धवट कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. फारच दबाव आला तर सहीखाली तारीख आणि वेळ घाला, आणि मजकूर जिथे संपतो तिथपासून सहीपर्यंत आडवी रेघ मारा.

दोन वर्षांनी त्याच शेजाऱ्याच्या दुसऱ्या तक्रारीवरून बाबांना पुन्हा फोन आला. या वेळी बाबा म्हणाले, “माझं वय एकोणसत्तर आहे. कलमाप्रमाणे घरी या, मी आहे.” पलीकडे क्षणभर शांतता. दुपारी एक तरुण हवालदार आले, चपला दाराबाहेर काढल्या, जेवणाच्या टेबलावर बसून वीस मिनिटांत जबाब लिहिला, चहा घेतला आणि गेले. अतिशय सभ्य माणूस होता. हे मुद्दाम लिहितोय, कारण नियमानं वागणारे पोलीस भरपूर असतात, आणि नियम माहीत असलेला नागरिक समोर आला की त्यांचंही काम सोपं होतं.

धमक्यांची भाषा

‘तीनशे त्रेपन्न लावीन.’ या कलमाला, म्हणजे आताच्या १३२ ला, हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. नियम विचारणं, नाव विचारणं, लांबून चित्रण करणं यात तो नाही. पण पोलिसाचा हात झटकणं, कॉलर धरणं, गाडी अंगावर घालणं यात तो बसू शकतो. म्हणून राग कितीही आला तरी हात खिशात. समोरचा तुम्हाला नेमका तिथवर चिडवायला बघतोय, असं प्रत्येक वेळी धरून चाला.

‘चॅप्टर केस टाकतो.’ चॅप्टर केस म्हणजे शिक्षा नव्हे. शांतता राखण्याचं हमीपत्र घेण्याची ती प्रक्रिया आहे, आणि ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चालते. आरोपाचा सारांश लिहिलेला लेखी आदेश मिळतो, उत्तर देता येतं, वकील लावता येतो. नोटीस आली तर घाबरून हमीपत्रावर सही करून मोकळं होऊ नका. आधी उत्तर द्या. ‘माझ्यावर मागे चॅप्टर झाली होती’ हा शिक्का पुढे पासपोर्टच्या पडताळणीच्या वेळी डोकं वर काढू शकतो.

‘११०-११७ करतो.’ महाराष्ट्र पोलीस अधिनियमातली ही कलमं सार्वजनिक जागी असभ्य वर्तनासाठी आहेत. रात्री उशिरा बसलेल्या पोरांवर, जोडप्यांवर, रिक्षावाल्यांवर ती सर्रास लावली जातात. थोडा दंड भरून सुटता येतं म्हणून लोक कबूल करून टाकतात. कबूल केलं की गुन्हा सिद्ध झाला, एवढं लक्षात ठेवूनच ठरवा.

आता ज्या कलमाचं नाव मी सामान्य माणसाच्या तोंडून जवळजवळ कधीच ऐकलं नाही, ते सांगतो. याच अधिनियमाचं कलम १४७. विनाकारण आणि त्रास देण्याच्या हेतूनं एखाद्याला अडवून ठेवणं, झडती घेणं, अटक करणं, मालमत्ता जप्त करणं, कोठडीतल्या माणसावर गरज नसताना हात उगारणं, कायद्यात न बसणारी धमकी किंवा आमिष दाखवणं, हे सगळं करणाऱ्या पोलिसाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९५१ सालचा कायदा, म्हणून दंडाची रक्कम तेव्हाची. शिक्षा छोटी आहे, पण हा अख्खा लेख ज्या वागणुकीबद्दल आहे ती या कलमात जवळजवळ शब्दाशब्दानं आलेली आहे. तक्रारीत ‘उद्धट वागले’ असं लिहिलं की ती शिष्टाचाराची कुरबूर ठरते. तीच घटना ‘कलम १४७ मध्ये येणारी कृती’ म्हणून लिहिली की तो गुन्ह्याचा आरोप होतो, आणि चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावर काहीतरी मत लिहावं लागतं.

मात्र वेळ कमी असतो. याच अधिनियमाच्या कलम १६१ मुळे कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यांसाठी पोलिसांविरुद्ध खटला किंवा दावा साधारणपणे सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. आधी सगळीकडे अर्ज करून बघू, नंतर कोर्टाचं पाहू, असं म्हणत वर्ष गेलं की दार बंद होतं.

तक्रार घेत नाहीत तेव्हा

हा जाच सगळ्यात जास्त लोकांच्या वाट्याला येतो. मोबाईल चोरीला गेला तर ‘हरवला असं लिहा’, मारहाण झाली तर ‘एनसी घेतो’, हद्द वेगळी असेल तर ‘तिकडे जा’. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं की दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा, गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे. हद्दीचं कारण तर आता चालतच नाही. कलम १७३ मध्ये कुठल्याही हद्दीतला गुन्हा नोंदवण्याची, म्हणजे झिरो एफआयआरची सोय आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही माहिती देता येते, मग तीन दिवसांत जाऊन सही करायची. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीनं प्राथमिक चौकशी करता येते, पण ती १४ दिवसांत संपवावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, आणि ती घेतल्याशिवाय ठाणं सोडू नका.

तक्रार तोंडी सांगू नका. घरून दोन प्रती लिहून न्या, एक द्या आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का देत नसतील तर तिथेच वाद घालत बसू नका. त्याच दिवशी तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालयाच्या भागात उपायुक्तांना, स्पीड पोस्टानं पाठवा. १७३(४) मध्ये हाच मार्ग सांगितलाय. ट्रॅकिंगचं पान छापून पावतीला जोडा. तरी काही झालं नाही तर १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, त्याला शपथपत्र लागतं. इथे वकील घ्या. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, हेल्पलाइन १५१०० आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

पैसे मागितले तर

पैसे देऊन बाहेर आल्यावर तक्रार करण्यापेक्षा, मागणी झाल्यावर आणि देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या नंबरला फोन करा. ते आधी मागणीची पडताळणी करतात, म्हणजे पंच सोबत देऊन बोलणं रेकॉर्ड करतात. मग नोटांचे नंबर पंचनाम्यात लिहून घेतात, त्यांना फिनॉल्फथॅलिन पावडर लावतात आणि सापळा रचतात. घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. तुमचं काम एवढंच की स्वतःहून रक्कम सुचवायची नाही आणि समोरच्यानं मागितल्याशिवाय पुढे करायची नाही.

दबावाखाली पैसे देऊन बसला असाल तरी दार उघडं असतं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे, पण सक्तीनं द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत कळवलं तर देणाऱ्याला संरक्षण आहे. सात दिवस मोजून ठेवा.

मारहाण झाली असेल

लगेच सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना खरं कारण सांगा. ‘पडलो’ म्हणू नका, केसपेपरवर तेच कायमचं राहतं. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उठून दिसतात, तेव्हा पुन्हा फोटो काढा. अटक झाली असेल तर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करतात आणि तिथे विचारलं जातं, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” पोलीस शेजारी उभे असतात म्हणून बहुतेक जण मान हलवून ‘नाही’ म्हणतात. त्या एका क्षणाला मोठ्यानं ‘आहे’ म्हणा आणि शर्ट वर करून दाखवा.

घरी आल्यावर, त्याच रात्री

झोपण्याआधी लिहून काढा. विशेषणं गाळा आणि कृती लिहा. असं:

“दि. —— रोजी दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी —— चौकात पोलीस हवालदार ——, बक्कल नं. ——, यांनी माझी दुचाकी क्र. —— थांबवली. मी डिजीलॉकरमधील लायसन्स दाखवले. त्यांनी ते पाहण्यास नकार देऊन गाडीची चावी काढून घेतली. कारण विचारले असता ‘जास्त शहाणा झालास का’ असे म्हणाले. चावी ३ वाजून ५५ मिनिटांनी परत दिली. या ४५ मिनिटांत चलन, पावती अथवा नोटीस दिली नाही. सदर कृती महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १४७ मध्ये येते. तरी चौकशी करून कारवाई करावी व केलेल्या कारवाईबद्दल मला लेखी कळवावे. त्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याचे आदेश द्यावेत.”

शेवटचं वाक्य विसरू नका. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला आणि चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी, जपायला सांगितलं. प्रत्यक्षात कॅमेरा बंद होता, हार्डडिस्क भरली होती अशी उत्तरं येतात. म्हणून जतन करण्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या आणि चित्रण माहिती अधिकारात वेगळं मागा. त्या अर्जाला १० रुपये फी लागते. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, उत्तराची मुदत ३० दिवस.

अर्ज कुणाकडे

आधी त्या ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक, मग सहायक आयुक्त किंवा उपविभागीय अधिकारी, त्यावर उपायुक्त किंवा अधीक्षक. माझा सल्ला असा की अर्ज उपायुक्त किंवा अधीक्षकांना लिहा आणि प्रत ठाण्याला द्या. उलटं केलं तर तो ठाण्याच्या बाहेर जाईलच असं नाही.

बेकायदा अटक किंवा डांबून ठेवणं, खंडणी, गंभीर दुखापत, अधिकाराचा गंभीर गैरवापर यांसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि त्याची विभागीय कार्यालयं आहेत. प्रकाश सिंग खटल्यातल्या २००६ च्या निकालातून ही व्यवस्था आली आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रानं ती कायद्यात घातली. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.

फेरीवाले आणि बाकीचे गणवेश

गाडी उलटवणं, वजनकाटा उचलून नेणं हा जाच ज्यांना रोज सोसावा लागतो त्यांच्यासाठी पथविक्रेता कायदा, २०१४ आहे. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केल्याच्याच दिवशी आणि इतर माल दोन कामाच्या दिवसांत परत करायचा असतो. यादी मागा, नाही दिली तर उचललेल्या मालाचे फोटो काढा. शेजारच्या गाडीवाल्यांनी एकमेकांसाठी हे करावं, कारण ज्याचा माल जातो त्याचे हात तेव्हा मोकळे नसतात.

मॉलच्या किंवा सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात. गुन्हा करताना कुणाला पकडलंच, तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. खोलीत कोंडून माफीनामा लिहून घेतला तर ११२ ला फोन करा.

चौकशीला बोलावतील तेव्हा

अर्ज गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी फोन येतो. चौकशी बहुधा त्याच विभागातले एखादे निरीक्षक करतात. पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं, “जाऊ द्या ना, पोराची नोकरी आहे, मिटवून टाका.” ज्यानं चावी काढली तो हवालदार बाहेर उभा असतो, कधी हात जोडतो. तेव्हा मन द्रवतं, आणि ते द्रवणं चांगलंच आहे. माफ करायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण ‘तक्रार नाही, गैरसमजातून अर्ज दिला’ अशा छापील मजकुरावर सही करू नका, कारण त्यानं तुम्ही खोटे ठरता. माफ करायचंच असेल तर स्वतःच्या अक्षरात लिहा: “घटना अर्जात लिहिल्याप्रमाणेच घडली. संबंधितांनी चूक मान्य केली असल्याने पुढील कारवाईचा मी आग्रह धरत नाही.” खाली तारीख, वेळ, सही. आणि त्या कागदाचीही शिक्का मारलेली प्रत घेऊनच घरी या.